मारणारा की तारणारा?



गेल्या महिन्यात एका रविवारी धर्मशिक्षणाच्या शिक्षिका आजारी होत्या, म्हणून तिसरी-चौथीची मुले आमच्या वाट्याला आली. तयारी काहीच नव्हती. आम्ही कागद आणि रंगीत खडू वाटले आणि सांगितले, "तुमचा आवडता सुपरहिरो काढा." अर्ध्या तासाने बावीस चित्रे जमा झाली. त्यांतील वीस चित्रांत कोणी ना कोणी कोणाला तरी ठोसा मारीत होता. एका मुलाने स्वतःलाच काढले होते, हातात बॅट घेऊन. आणि बाविसावे चित्र एका मुलीचे होते. एक माणूस, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर एक म्हातारी, आणि पायाखाली जिना. अंगावर कसली झूल नाही, छातीवर कसले अक्षर नाही.

"हा कोण ग?" आम्ही विचारले.

"नाव नाही माहीत, फादर. आमच्या बिल्डिंगमध्ये मीटरला आग लागली होती ना, तेव्हा सगळीकडे धूर झाला. आजीला जिना उतरता येईना. ह्यांनी तिला खाली आणलं."

शेजारचा मुलगा नाराज झाला. "पण त्याने मारलं कोणाला?"

"कोणालाच नाही. वेळच नव्हता त्यांना."

हे उत्तर आमच्या मनातून जाईना. म्हणून या रविवारी नेहमीच्या विषयाऐवजी याच विषयाचा थोडा अभ्यास आपण करू. विषय पोरकट वाटेल, पण आपल्या घरातील मुले आठवड्याचे कितीतरी तास ज्या वीरांच्या संगतीत घालवतात, त्या वीरांची ओळख आईबापांना असायला हरकत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आज जगभर माहीत असलेला सुपरमॅन जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला. दोघेही स्थलांतरित यहुदी कुटुंबांतील, आणि काळ अमेरिकेतील मोठ्या मंदीचा. पहिल्याच गोष्टीत हा सुपरमॅन काय करतो? एका निरपराध बाईला देहदंड होणार असतो, तो थांबवण्यासाठी तो रातोरात गव्हर्नरच्या घरी पोहोचतो. नंतर बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला आवरतो. परग्रहावरचा शत्रू नाही, जगाचा नाश करू पाहणारा राक्षस नाही. संकटात सापडलेली साधी माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे धावणारा एक जण आहे.

मग अडचण अशी झाली की ज्याला कोणीच हरवू शकत नाही त्याच्या गोष्टीत चुरस राहीना. चुरस आणायची तर तोडीस तोड शत्रू हवा. शत्रू आला, मग त्याहून मोठा आला, आणि हळूहळू वाचवायची माणसे मागे सरकत गेली. १९७८ च्या चित्रपटात सुपरमॅन हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या वार्ताहर बाईला झेलतो, आणि त्याच रात्री एका मुलीचे मांजर झाडावरून उतरवून देतो. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तोच सुपरमॅन शत्रूशी लढता लढता अर्धे शहर कोसळते. इमारतींमागून इमारती पडतात, धुरळा उडतो, आणि त्यांत कोण राहत होते हे आपल्याला दाखवलेच जात नाही. अनेक प्रेक्षकांनी हाच आक्षेप घेतला. तो इतका झोंबला असावा की २०१६ च्या पुढच्या चित्रपटात तीच लढाई खालून, रस्त्यावर धावणाऱ्या माणसाच्या नजरेने पुन्हा दाखवण्यात आली. आणि २०२५ च्या नव्या चित्रपटात एका अजस्र प्राण्याशी झुंज चालू असताना सुपरमॅन मध्येच एक खार उचलून बाजूला नेतो. धर्मग्रामातील काही युवकांना हा प्रसंग हास्यास्पद वाटला. आम्हांला तो आवडला. चौऱ्याऐंशी हातांनी लढताना ज्याला एक खार दिसते त्याच्या डोळ्यांवर आमचा भरवसा बसतो.

आपल्याकडेही हेच आहे. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ हातोहात फिरत असे. त्याच्या अंगठीच्या ठशाचे आम्हांला फार वेड होते. तो ठसा गुन्हेगाराच्या जबड्यावर उमटायचा! वाचलेली माणसे मात्र आम्हांला आठवतही नाहीत. पुढे १९९७ पासून २००५ पर्यंत दूरदर्शनवर 'शक्तिमान' चालला. त्या काळी शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर काही मुलांनी स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या, आणि मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना समजावून सांगावे लागले. या बातम्यांवर त्या वेळी मोठ्यांनी पुष्कळ डोके धरले. पण आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलांना शक्तिमानने किल्विषला मारावे असे वाटत नव्हते. आपल्याला झेलावे असे वाटत होते. मुलाच्या मनात खोल कुठेतरी वीर म्हणजे झेलणाराच असतो. ठोसा आपण त्याला नंतर शिकवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लढाई इतकी का आवडते? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही दुष्टतेच्या प्रश्नावर महिनेच्या महिने घालवले, आणि त्यातून एवढे तरी कळले की वाइटाला चेहरा मिळाला की माणसाला हायसे वाटते. चेहरा असला की त्याला मारता येते. मारले की काम संपले. परंतु आपल्यावर येणाऱ्या बहुतेक संकटांना चेहराच नसतो.

आपल्या नौपाड्याचेच उदाहरण घ्या. ४ ऑगस्ट २०१५ रोजी रात्री दोननंतर, बी-केबिन भागातील कृष्णा निवास ही सुमारे पन्नास वर्षांची तीन मजली इमारत कोसळली. माणसे झोपेत होती. बारा जण गेले, सात जखमी झाले. आम्ही त्या वेळी या धर्मग्रामात नव्हतो, पण तुमच्यापैकी कित्येकांनी तो आवाज ऐकला आहे, काही जण तसेच उठून तिकडे धावले आहेत. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २८ जुलैला, ठाकुर्लीत एक इमारत पडून नऊ जण दगावले होते. आणि त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली, ती तर कोणीच विसरू शकणार नाही. मुंब्र्याच्या बाबतीत निदान बांधणाऱ्यांकडे आणि डोळेझाक करणाऱ्यांकडे बोट दाखवता आले. पण जुन्या इमारतीत ठोसा कोणाला मारायचा? गंजलेल्या सळीला? पावसाला? मालक-भाडेकरूंच्या वीस वर्षांच्या वादाला? पुढच्या वर्षी बघू, म्हणून पुढे ढकललेल्या दुरुस्तीला?

अशा ठिकाणी जे लोक पोहोचतात त्यांचे काम कसे चालते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत असण्याची शक्यता आहे तोवर मोठे यंत्र सरसकट चालवता येत नाही, कारण एक तुळई चुकीची हलली तर वरचा स्लॅब खाली बसतो. मग टेकू लावायचे, हाताने विटा काढायच्या, छोट्या कटरने सळ्या कापायच्या. मधूनच एक जण हात वर करतो. सगळी यंत्रे बंद होतात, बघ्यांनाही गप्प राहायला सांगतात, आणि सगळे कान देऊन ऐकतात. कोणी कण्हते आहे का, कोणी भांड्यावर टकटक करते आहे का. आम्हांला वाटते, कुठल्याही चित्रपटाने दाखवावा असा हा क्षण आहे. पण पडद्यावर शांतता विकली जात नसावी.

ऑगस्ट २०२० मध्ये महाडला तारिक गार्डन ही इमारत पडली. सोळा जण मृत्यू पावले, परंतु एक चार वर्षांचा मुलगा बऱ्याच तासांनी जिवंत बाहेर आला, आणि त्यानंतरही काही तासांनी एक वृद्ध महिला. तेवढे तास कोणीतरी थांबले नाही म्हणून. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाल्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. त्याची आपल्या राज्यातील तुकडी पुण्याजवळ आहे. ठाणे महानगरपालिकेनेही त्याच धर्तीवर टीडीआरएफ हे आपले स्वतःचे दल उभारले. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा हे दलही तेथे गेले होते. त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात, निसरड्या वाटेने डोंगर चढून जायचे आणि पोहोचल्यावर हाताने माती उपसायची. नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी तो डोंगर चढतानाच हृदयविकाराने गेले. शत्रूसमोर नव्हे, चढणीवर.

येथे आम्हांला संत थॉमस अक्वायनस आठवतात. तेराव्या शतकातील या महान गुरूंनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात धैर्याविषयी एक प्रश्न घेतला आहे : धैर्याचे मुख्य काम कोणते, हल्ला करणे की टिकून राहणे? आपण सगळे चटकन म्हणू, हल्ला. संत थॉमस म्हणतात, टिकून राहणे. आणि त्याची कारणे ते देतात ती फार सूक्ष्म आहेत. जो हल्ला करतो तो मनातून स्वतःला बलवान समजत असतो. जो टिकून राहतो त्याच्यासमोर आपल्याहून बलवान असे काहीतरी उभे असते. हल्ला करणाऱ्याला धोका अजून पुढे असतो. टिकणाऱ्याच्या अंगावर तो आलेलाच असतो. आणि हल्ला एका झटक्यात होऊन जातो, पण टिकायला वेळ काढावा लागतो. सेमिनरीत हा उतारा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. ढिगाऱ्यातील बोगद्यात पोटावर पडून, वर स्लॅब लटकत असताना, तासन्‌तास सळी कापणाऱ्या माणसाचे छायाचित्र पाहिले तेव्हा तिन्ही कारणे एकदम समजली.

यातून एक गमतीचा प्रश्न निघतो. ज्याच्या अंगाला गोळी लागतच नाही तो सुपरमॅन शूर म्हणावा काय? आम्हांला वाटते, शूर म्हणता येणार नाही. त्याला भय नाही, म्हणून धैर्याची गरजही नाही. त्याला थोर म्हणायचे तर दुसऱ्या कारणासाठी म्हणावे लागेल. इतके बळ असून तो आपला वेळ कोणासाठी देतो, यासाठी. हा दयेचा गुण झाला. धैर्य पाहायचे तर ज्याला मरण येऊ शकते असाच माणूस शोधावा लागतो.

तो आपल्याच जिल्ह्यात सापडतो. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकावर एक दृष्टिहीन आई आपल्या लहान मुलाला घेऊन फलाटावरून चालली होती. मुलगा कडेला गेला आणि रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. आई हातांनी फलाट चाचपडत होती, मूल कोणत्या बाजूला आहे हे तिला कळत नव्हते. पॉइंट्समन मयूर शेळके कामावर होते. ते रुळांमधून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला उचलून फलाटावर ठेवले आणि स्वतः वर चढले. नंतर गाडी येण्यास किती वेळ होता ते तुमच्यापैकी बहुतेकांनी चित्रफितीत पाहिलेच आहे. पुढे शेळके यांनी सांगितले की क्षणभर आपल्याही जिवाचा विचार मनात आला होता. हे वाक्य आम्हांला त्या धावेइतकेच मोलाचे वाटते. ॲरिस्टॉटलने म्हटले होते की धैर्यवान माणूस म्हणजे भय नसलेला माणूस नव्हे. ज्याची भीती बाळगायला हवी तिची तो बाळगतो, पण योग्य कारणासाठी तिच्यासमोर उभा राहतो. रेल्वेने त्यांना पन्नास हजारांचे बक्षीस दिले, त्यातील अर्धी रक्कम त्या मुलासाठी देण्याचे त्यांनी जाहीर केले. काम तेथेही संपवले नाही.

म्हणजे लढणारे सगळे कमी प्रतीचे, असे आम्हांला म्हणायचे आहे का? नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवाद्याच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या देहात गेल्या, म्हणून त्या मागच्या सहकाऱ्यांच्या देहात गेल्या नाहीत. याला लढाई म्हणावे की आड उभे राहणे? आम्हांला तर ते दुसरेच वाटते. त्याच रात्री सीएसटी स्थानकावर, जेथून आपण रोज गाडी पकडतो, उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून प्रवाशांना सुरक्षित दिशेने बाहेर पडण्याच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून देत राहिले. हातात शस्त्र नाही, फक्त आवाज. आणि कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलीत हलवले, दिवे मालवले आणि त्यांच्यासोबत राहिल्या. आमच्या वर्गातील मुलांना यांपैकी पहिले नाव माहीत होते. पुढची दोन सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "म्हणजे माइकवाले पण सुपरहिरो?" त्याला हे फारसे पटले नाही असे दिसले. पटेल हळूहळू.

चित्रपटांत आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. वीर माणसाला आगीतून उचलतो, रस्त्यावर ठेवतो आणि उडून जातो. पुढे काय? त्या माणसाला पाणी कोणी दिले, रात्री तो झोपला कोठे, घर गेले त्याचे काय झाले? याविषयी प्रभू येशूने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे, पण ती या दृष्टीने पुन्हा वाचा. त्यात लुटारू आहेत. ते पहिल्याच वाक्यात येतात आणि मार देऊन निघून जातात. शोमरोनी त्यांच्या मागे धावत नाही, त्यांना धडा शिकवत नाही, त्यांच्याविषयी एक शब्द बोलत नाही. तो जखमा बांधतो, तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, सरायत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो आणि दुसऱ्या दिवशी सरायवाल्याच्या हातावर दोन चांदीची नाणी ठेवतो. वर म्हणतो की जास्त खर्च आला तर परतताना देईन. रस्त्यावरचा भाग थोडक्यात आटोपतो. खरे काम सरायत आहे आणि त्याला पैसे लागतात.

२७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली तेव्हा हेच दिसले. सुमारे १,०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. गाडीभोवती सगळीकडे पाणी. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, लष्कर सगळे आले, बोटी आल्या, आणि एकूण एक प्रवासी सुखरूप बाहेर निघाला. वर्तमानपत्रांत बोटींची छायाचित्रे आली. पण बोटी येण्याआधी आणि आल्यानंतरही चामटोली परिसरातले गावकरी पाणी, बिस्किटे, चहा घेऊन उभे होते. प्रवाशांना पुढे कोल्हापूरला न्यायला कल्याणहून खास गाडी सोडण्यात आली. या सगळ्याला मिळून सुटका म्हणायचे. ऑगस्ट २०२० च्या पावसात माटुंग्याला तुळशी पाइप रस्त्यावर फुले विकणाऱ्या एका बाईंनी साचलेले पाणी निघून जावे म्हणून गटाराचे झाकण उघडले आणि त्या उघड्या तोंडापाशी भर पाण्यात कित्येक तास उभ्या राहून गाड्यांना बाजूने काढत राहिल्या. या बाईंच्या हातून किती जण वाचले हे कोणालाच कधी कळणार नाही, कारण जे पडले नाहीत त्यांची मोजणी होत नाही.

शोमरोन्याच्या गोष्टीत लुटारूंखेरीज आणखी दोघे आहेत, आणि त्यांतला पहिला आमच्याच व्यवसायातला आहे. म्हणून आता आमच्याविषयी. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही रिक्षाने एका लग्नविधीला निघालो होतो. तीन पेट्रोल पंपाच्या पुढे एक स्कूटर घसरलेली दिसली. एक तरुण रस्त्यावर बसला होता, गुडघा धरून. चार माणसे जमली होती. रिक्षावाल्याने आमच्याकडे वळून पाहिले. आम्ही घड्याळाकडे पाहिले. "आहेत ना लोक," असे आम्ही म्हणालो, आणि रिक्षा पुढे गेली. विधी वेळेवर झाला. त्या तरुणाचे काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही. नंतर शोमरोन्याच्या गोष्टीवर प्रवचन करण्याची पाळी आली तेव्हा आम्ही दुसऱ्या वाचनावर बोललो, हेही सांगून टाकतो.

माणसे थांबत नाहीत ती सगळीच काही निष्ठुर नसतात. पोलिसांचा ससेमिरा, रुग्णालयातील प्रश्न, कोर्टाच्या तारखा यांची भीती असते. ही भीती आता निराधार आहे, हे आपल्या लोकांपर्यंत अजून पोहोचलेले नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. मदत करणाऱ्यावर त्या अपघाताबद्दल खटला भरता येत नाही, त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. विशेष म्हणजे इंग्रजीत या कायद्यातील मदतनीसाला जे नाव आहे ते याच शोमरोन्याचे आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, हे तीन क्रमांक फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली चिकटवलेत तरी आमची हरकत नाही.

युवकांसाठी एक सावधगिरीची सूचना. ॲरिस्टॉटलच्या मते धैर्याच्या एका बाजूला भित्रेपणा आहे तसा दुसऱ्या बाजूला अविचार आहे. सेप्टिक टाकीत एक कामगार बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि बाहेर तिघांचे मृतदेह येतात. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पोहता न येणारा मित्रासाठी धबधब्याखालच्या डोहात उडी घेतो. यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण दोर टाका, काठी पुढे करा, हाक मारा, क्रमांक फिरवा. मानेला मार लागलेल्या माणसाला उगीच ओढून उठवू नका. मयूर शेळके रुळांवर धावले, पण रूळ आणि गाड्या हे त्यांचे रोजचे काम होते. कोणत्या बाजूने वर चढायचे ते त्यांच्या पायांना ठाऊक होते.

आणि मोठ्यांसाठी दोन गोष्टी, थोड्या स्पष्टच. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे जुन्या इमारतींत राहतात, हे आम्ही घर आशीर्वादाच्या वेळी पाहिले आहे. छताला ओल, तुळईतून दिसणारी सळी, आणि त्यावर नवीन रंग. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे सोसायटीचे कर्तव्य आहे, ते खर्चिक आहे म्हणून टाळू नका. एका आजींना घर सोडण्याविषयी समजावण्यास आम्ही गेलो होतो. त्यांनी शांतपणे विचारले, "जाऊ कुठे, फादर? आणि एकदा बाहेर पडले की परत आत घेतील याची हमी तुम्ही देता का?" आमच्याकडे हमी नव्हती. आम्ही चहा पिऊन परत आलो. तेव्हापासून सरायवाला आमच्या डोक्यातून जात नाही. धर्मग्राम समितीच्या येत्या बैठकीत आम्ही हा विषय ठेवला आहे : घर रिकामे करावे लागलेल्या कुटुंबाला पहिले तीन महिने भाड्यासाठी आधार देता येईल असा निधी, आणि पावसाळ्यात गरज पडल्यास आपले सभागृह रात्रीसाठी उघडे ठेवणे. कायदेशीर हक्कांविषयी सल्ला देऊ शकतील असे वकील आपल्यात आहेत, त्यांनी कृपया आम्हांला भेटावे. आजींनाही उत्तर हवे आहे.

दुसरी गोष्ट फाटकाची. रविवारी नऊच्या मिस्सेला आपल्या फाटकात दोन्ही बाजूंनी दुचाक्या लावल्या जातात. त्या वेळी आत काही झाले तर अग्निशमनाची गाडी रस्त्यावरच उभी राहील. स्वयंसेवकांनी तीनदा विनंती केली, आम्ही वेदीवरून दोनदा सांगितले. आता फाटकाच्या आत पिवळा पट्टा मारला आहे. त्या पट्ट्यावर कोणाचेही वाहन नको, धर्मगुरूंचेही नको. (गेल्या रविवारी तेथे जी स्कूटर होती ती आमचीच होती. क्षमस्व.)

मुलांची बावीसही चित्रे येत्या रविवारपासून सभागृहाच्या भिंतीवर लावली जातील. ठोसेवाली वीसही लावणार आहोत, मुले मेहनतीने रंगवतात. आजीला पाठीवरून उतरवणाऱ्या माणसाच्या चित्राखाली मात्र नाव लिहायची जागा रिकामी आहे. ते शोधायचे असे वर्गाने ठरवले आहे आणि त्यासाठी पालकांच्या परवानगीने एका शनिवारी अग्निशमन केंद्रावर जायचा बेत आहे. केंद्रातील अधिकाऱ्यांना आम्ही विनंतीपत्र लिहिले आहे. पत्राच्या खाली मुलांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली की शिडी पूर्ण वरपर्यंत उघडून दाखवावी. आम्ही ती खोडलेली नाही.

आपले धर्मगुरू